एमएफ-टूचं झाकण उघडू नका

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "त्या कॅमेऱ्यांचं काय करायचं ते एकदाचं सांग, म्हणजे मी सुटलो." मी "बघू" म्हणून विषय बदलला. फोनवर तुमच्या दोघांची दोन मतं एकदम ऐकू येतात आणि मागून दादाचं तिसरं येतं. पत्रात निदान मला कुणी मध्येच तोडणार नाही, म्हणून लिहायला बसले.

गेल्या महिन्यात तुमच्याकडे होते तेव्हा दुपारी तुमचा डोळा लागला की मी ते कपाट उघडून बसायची. मी ऑफिसचं काम करतेय असं तुम्हाला वाटत होतं, वाटू दिलं. सहा कॅमेरे आहेत. आगफा क्लिक-थ्री, याशिका इलेक्ट्रो ३५, काकांकडून आलेला तो विटेसारखा जड झेनिट, फ्लॅशवाला याशिका एमएफ-टू, छोट्या कॅसेटचा व्हिडिओ कॅमेरा आणि दादाने पहिल्या पगारातून घेतलेला चपटा डिजिटल. नवं घर लहान आहे, कपाट एकच न्यायचंय, हे सगळं मला मान्य आहे. दादा म्हणतो, "आउटडेटेड झालेत, एका पिशवीत भरा आणि देऊन टाका." पण दोन-तीन दुपारी त्यांच्याशी झटापट केल्यावर माझ्या लक्षात आलं, की त्याचा हिशेबच उलटा आहे.

बघा ना. सहांत सगळ्यात म्हातारा क्लिक-थ्री. त्याला लागतो १२० नंबरचा रोल. हा रोल कोडॅकने १९०१ मध्ये काढला आणि तो आजही नवाकोरा, सीलबंद मिळतो. सेल नको, चार्जर नको. म्हणजे तो कॅमेरा उद्या सकाळी फोटो काढू शकतो. सगळ्यात तरुण दादाचा डिजिटल. त्याचं फोटो साठवायचं एक्सडी कार्ड २००२ मध्ये आलं आणि काही वर्षांतच मागे पडलं. बॅटरी फुगलीय आणि चार्जर कुठे ठेवला ते मालकालाच आठवत नाही. तेव्हा सहा जणांत खरा कालबाह्य कोण, हे दादाला सांगायला माझी हरकत नाही.

आता घाईची गोष्ट आधी. एमएफ-टूमध्ये रोल आहे. बाबा, तुम्ही म्हणालात की "रिकामाच असणार, उघडून बघतो." कृपा करून उघडू नका. रोल उलटा गुंडाळायची ती छोटी मूठ मी बाणाच्या दिशेने अगदी हलकेच फिरवून पाहिली. रिकाम्या कॅमेऱ्यात ती गरगर फिरते. इथे अर्ध्या फेऱ्यात अडली. वरचा आकडा १९ वर आहे. म्हणजे एकोणीसेक फोटो काढून कुणीतरी तो कॅमेरा केसमध्ये घातला आणि विसरून गेलं. आईच्या मते त्यात आजी असणार. बाबांचं म्हणणं, आजी गेल्यावर त्यांनी तो कॅमेरा हातातच घेतला नाही. तुम्ही दोघं नेहमीसारखे भांडत होतात, पण ही दोन वाक्यं शेजारी ठेवून बघा. त्यात आजीच असणार.

इतक्या वर्षांनी त्यातून काही निघेल का? निघू शकतं. उजेड पडलेला पण न धुतलेला रोल आतल्या आत चित्र धरून बसलेला असतो, ते फक्त दिसत नसतं. आन्द्रे नावाच्या स्वीडिश माणसाने १८९७ मध्ये बलूनमधून उत्तर ध्रुवाकडे जायचा प्रयत्न केला होता. तो आणि त्याचे दोन साथीदार परत आलेच नाहीत. १९३० मध्ये, म्हणजे तेहतीस वर्षांनी, एका बर्फाळ बेटावर त्यांचं सामान सापडलं, त्यात रोलही होते. ते धुतले तर २४० पैकी ९३ फोटो वाचले. बर्फावर कोसळलेला बलून आणि त्याच्याकडे बघत उभी असलेली माणसं त्यात दिसतात. तिथे बर्फाने राखण केली. आपल्या रोलची राखण पत्र्याच्या कपाटाने केलीय आणि गरमी हा रोलचा पहिला शत्रू, त्यामुळे फार आशा बाळगू नका. रंग विटलेले असतील, सगळ्यावर धुकं असेल, काही फोटो येणारच नाहीत. पण एका जरी फोटोत आजी ओळखू आली तरी तो कॅमेरा इतकी वर्षं सांभाळल्याचं सार्थक झालं.

तेव्हा असं करा. खालचं बारीक बटण दाबायचं, मूठ बाणाच्या दिशेने फिरवत राहायची. सुरुवातीला जड जाईल. मग एकदम सुटल्यासारखी हलकी होईल, तरीही आणखी दहा-बारा फेरे द्यायचे. हे सगळं होईपर्यंत मागचं झाकण बंद. जुना रोल कडक होतो, म्हणून जोर लावायचा नाही. अडला तर आहे तसा ठेवून द्या, मी येईन तेव्हा अंधारात काढू. रोल निघाला की फ्रीजमध्ये ठेवा, डबीत घालून. आई, हसू नकोस.

झाकण न उघडण्याबद्दल मी इतकी का बजावतेय ते बाबांना कळेल, एका रोलचे फोटो आपण आधीच गमावलेत. ती सहल आठवते? इलेक्ट्रो नवा होता. आठ दिवस आम्ही सगळे ओळीत उभे राहत होतो, "हलू नका" ऐकत होतो, डोळ्यांवर ऊन घेत होतो. शेवटच्या दिवशी रोलचा शेवटचा, छत्तिसावा फोटो झाला, सदतिसावाही झाला, एकेचाळीस झाले तरी रोल पुढे ओढायचा खटका सरकतच होता. बाबांचा चेहरा मला अजून दिसतो. रोलचं टोक आतल्या चाकात अडकलंच नव्हतं. आठ दिवस तो जागच्या जागी बसून होता आणि आम्ही रिकाम्या कॅमेऱ्यासमोर हसत होतो. खटका ओढताना ती मूठ आपोआप फिरतेय का, एवढं बघितलं असतं तर पहिल्याच फोटोला कळलं असतं. तेव्हा आई म्हणाली होती, "असू दे, माणसं तरी आठ दिवस नीट उभी राहिली." बाबा दोन दिवस बोलले नव्हते.

इलेक्ट्रोबद्दल एक कडू गोष्ट लिहिते, रागावू नका. तुम्ही त्याला जपलंत म्हणून तो आजारी पडला. कातडी केस, त्यावर फडकं, त्यावर प्लास्टिकची पिशवी, पिशवीला रबर. कातडं ओल धरून ठेवतं आणि प्लास्टिक ती बाहेर जाऊ देत नाही. बुरशीला याहून चांगलं घर नाही. भिंगाच्या मागून टॉर्चचा उजेड टाकला की कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात. अजून ते कडेलाच आहेत, फोटोत दिसणार नाहीत, पण आत पसरले तर काचेवरचा लेपच खातील. उलट क्लिक-थ्री वर्षानुवर्षं उघड्या खणात, दोऱ्याची रिळं आणि जुन्या किल्ल्यांच्या सोबतीला पडून होता. त्याच्या भिंगाला काही म्हणजे काही झालेलं नाही. आई, ही गोष्ट तू वापरणार हे मला माहीत आहे, पण जपून वापर.

मी इलेक्ट्रो सोबत आणलाय ते तुम्ही पाहिलंच. पहिल्या दुरुस्तीवाल्याने तो हातात न घेताच सांगितलं, "ह्याचे पार्ट येत नाहीत, शोकेसमध्ये ठेवा." दुसरे एक वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी काही न बोलता खटका ओढला आणि कान जवळ नेला. ओढल्यावर आत एक 'टक' असा आवाज यायला हवा. तो आला तर आतला रबराचा इवलासा तुकडा शाबूत आहे. ह्या मॉडेलचा जीव त्या तुकड्यात असतो, तो झिजून गळून पडला की उजेडाचं गणितच चुकतं. आपला टक्क वाजला. बिघाड एवढाच, की सेलच्या कप्प्यात हिरवट-पांढरा थर चढला होता. त्यांनी कापसाच्या बोळ्यावर व्हिनेगर घेऊन तो पुसला, मागच्या झाकणाचा चिकट डांबर झालेला फोम खरवडून नवा लावला, आणि झालं. मूळचा सेल पाऱ्याचा, ५.६ व्होल्टचा. पाऱ्यावर बंदी आल्यापासून तो मिळत नाही. पण ६ व्होल्टचा साधा सेल छोट्या नळीत बसवून चालतो. बाबा, तुम्ही "सेल मिळत नाही" म्हणून तो ठेवून दिलात, बरोबर? अडचण नळीभराची होती. मी बोलत नाही पुढे.

पण तो मी परत आणणार नाही, हेही सांगून टाकते. त्याची भिंगाची ताकद, एफ १.७, कमी उजेडातही काम करणारी, ती कपाटासाठी नव्हती. माझ्या ऑफिसातली एक मुलगी फिल्मवर फोटो काढायला शिकतेय. आठवड्याला एक रोल संपवते, चुका करते, पुन्हा रोल घालते. तिला द्यावा असं मला वाटतं. विकायचा विचारही करून बघितला, पण त्यात अनोळखी लोकांशी महिनाभर घासाघीस करायची आणि शेवटी "भिंगात बुरशी आहे" हे ऐकून घ्यायचं, एवढा त्रास मला झेपणार नाही. तुमची परवानगी मात्र हवी. परवानगी म्हणजे खरी परवानगी. "तुला योग्य वाटेल ते कर" असं म्हणून नंतर चार दिवस गप्प बसायचं, ती नव्हे.

झेनिटचं सोपं आहे. त्याचं उजेडमापक सेलेनियमचं, सेलशिवाय चालणारं, आणि सेलेनियम वयानुसार मंदावतं. ते आता ऊन आणि अंधार यांत फरकच करत नाही. पडदाही अडकतो. पण पुढचं भिंग काढून घ्या. ते हेलिओस ४४-२ आहे, आणि आजकालच्या डिजिटल कॅमेऱ्यांवर अडॅप्टर लावून लोक ते हौसेने वापरतात. मागची झाडं-पानं त्यातून भोवऱ्यासारखी गरगरलेली येतात, तेच त्यांना आवडतं. भिंग दादाकडे द्या, त्याच्या नव्या कॅमेऱ्याला बसेल. उरलेलं धूड पिंट्याला द्या आणि सोबत एक बारीक पेचकस द्या. त्यात वीज नाही, सेल नाही, नुसती चाकं, स्प्रिंगा आणि आरसा. नऊ वर्षांच्या पोराला याहून चांगलं खेळणं सापडणार नाही. फक्त एमएफ-टू त्याच्या हाती लागू देऊ नका. फ्लॅशच्या आत वीज साठवणारा एक कपॅसिटर असतो, तो सुमारे ३०० व्होल्टपर्यंत भरतो आणि सेल काढल्यावरही कित्येक दिवस भरलेला राहू शकतो. उघडताना बोट लागलं तर चांगलाच झटका बसेल.

वहिनीने सुचवलं होतं, झेनिटमध्ये बल्ब बसवून दिवा करू. मला ते कसंसंच वाटतं. बोलणाऱ्या माणसाचं तोंड शिवून त्याला दिवाणखान्यात बसवल्यासारखं. खेळून मोडला तर चालेल, शोभेला नको.

दादाच्या डिजिटलविषयी दोनच ओळी. फुगलेली बॅटरी दाबू नका, टोचू नका, चार्ज करून बघू नका आणि कचऱ्यात तर मुळीच टाकू नका, पेट घेते. ती वेगळी ठेवा, मी ई-कचरा घेणाऱ्यांकडे देईन. आणि कॅमेरा कुणालाही दिलात तरी कार्ड देऊ नका, त्यातले फोटो पुसले तरी परत काढता येतात.

व्हिडिओ कॅमेऱ्याबद्दल मात्र माझं दादाशी भांडण झालंय. तो म्हणतो, सगळ्यात आधी हा टाका, याने आता कोण शूटिंग करणार. शूटिंग कुणीच करणार नाही. पण खोक्यात ज्या सात कॅसेटी आहेत त्या वाजवणारं यंत्र आपल्या घरात हे एकच आहे. तो आता कॅमेरा राहिलेला नाही, तो किल्ली आहे. कुलूप ठेवून किल्ली फेकायची असा प्रकार होईल. मोठ्या व्हीएचएस कॅसेटींचे व्हीसीआर तर २०१६ मध्ये बनायचेच थांबले, आणि ह्या छोट्या कॅसेटींची यंत्रं त्याहून दुर्मीळ. म्हणून तो आधी नीट चालतोय का बघायचं, तेही आपली कॅसेट घालून नव्हे, कोरी किंवा बिनमहत्त्वाची घालून, कारण आतली रबरं चिकट झाली असतील तर तो फीत चावून टाकेल. मग पिवळी-पांढरी वायर लावून सातही कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायच्या. कॅसेट जितकी लांब तितकाच वेळ लागतो, घाई करता येत नाही. मी चार सुट्ट्या काढल्यात. त्यानंतर दादाने तो खुशाल टाकावा.

आणि निगेटिव्ह. तो पत्र्याचा डबा नव्या घरात पहिल्या फेरीत जाईल, तुमच्या औषधांच्या पिशवीसोबत. कॅमेरा गेला तर गेला, निगेटिव्ह गेली तर काहीच उरत नाही. झाकण उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर त्या पट्ट्या बाकीच्यांपासून वेगळ्या करा. फिल्म नासायला लागल्याची ती खूण आहे.

राहिला क्लिक-थ्री. यादी करताना दादाने त्याच्यापुढे "भंगार" असं लिहिलंय, मी वाचलं.

तुम्ही झोपलेले असताना मी आणखी एक उद्योग केला. जुने अल्बम काढले. क्लिक-थ्रीचे फोटो चौकोनी, एका रोलमध्ये बारा, इलेक्ट्रोचे आडवे. म्हणजे आकारावरूनच कळतं कुठला फोटो कुठल्या कॅमेऱ्याने काढला. मी सहज मोजत गेले. आडवे फोटो चाळीसच्या आत आहेत. सगळ्यांत आम्ही ओळीत उभे, मुलं पुढे, उंच माणसं मागे, सगळे नीटनेटके, आणि एकातही बाबा नाहीत. चौकोनी फोटो दीडशेच्या वर आहेत. त्यांत दादा रडतोय, मी उलटी लोंबकळतेय, आजी कुणाकडे तरी बोट दाखवून काही सांगतेय. आणि बाबा आहेत. बाबा दाढी करताना, बाबा सायकलची चेन बसवताना, हात काळे झालेले, बाबा पेपर तोंडावर घेऊन झोपलेले. बाबांच्या हातात इलेक्ट्रो असायचा, म्हणजे हे चौकोनी कुणी काढले, हे काही गूढ नाही.

आई, तू म्हणतेस, "मला कुठे फोटो काढता येतो, ते यांचं काम." दीडशे फोटो, बाई! ऊन की ढग एवढं ठरवायचं, मागच्या लाल खिडकीत पुढचा आकडा येईपर्यंत चावी फिरवायची, आणि खटका दाबायचा. इलेक्ट्रो महाग होता, त्याचा रोल महाग, म्हणून तो खास दिवशीच बाहेर यायचा. क्लिक-थ्री खणात असायचा, म्हणून हाताला यायचा.

आणखी एक दिसलं. त्या काळी सगळ्यांना शिकवलेलं असायचं, की फोटो काढताना सूर्य आपल्या पाठीशी हवा. तू ते इतकं मन लावून पाळलंस, की बऱ्याच चौकोनी फोटोंत खालच्या बाजूला, अंगणात किंवा वाळूवर, तुझी सावली पडलीय. दोन्ही कोपरं बाहेर काढलेली, पदर खोचलेला, डोकं किंचित खाली. एकात ती सावली थेट बाबांच्या पायांपर्यंत गेलीय. आजवर मला ती फोटोतली चूक वाटायची. तेवीस सावल्या मोजल्या मी.

तेव्हा क्लिक-थ्री कुणालाही द्यायचा नाही. विकायला गेलं तर त्याचे काही येणारही नाहीत, हे दादाचं बरोबर आहे. तो नव्या घरातही खणातच ठेव, किल्ल्यांच्या शेजारी. केस नको, पिशवी नको. या पत्रासोबत १२० चा एक रोल पाठवतेय. बाबांना भरून द्यायला सांग. हात थरथरतो म्हणाले तर म्हणावं, चाकात टोक घालायला मी धरते, तुम्ही ओढा. बारा फोटो आहेत. घर बदलण्याआधी जुन्या घराचे काढ, म्हणजे भिंतींचे नको, तुम्ही दोघं तिथे जे काही करता त्याचे. सकाळी दहाच्या आत अंगणात ऊन चांगलं असतं. सूर्य पाठीशी ठेव.

दोघं तब्येतीला जपा. पुढच्या शनिवारी निघतेय.

तुमची,
धाकटी

ता. क. बाबा, तुम्ही हे पत्र इथपर्यंत वाचण्याआधीच एमएफ-टूचं झाकण उघडलं असेल, तर मला लगेच फोन करा, आणि खरं सांगा. झाकण पटकन मिटलंत तर गुंडाळीतल्या आतल्या थरांवरचे फोटो वाचतात.